पट्टेरी गाढव पाहिलेली मुलगी

एप्रिल १७६४. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर काले नावाचं बंदर आहे. तिथं १२ वर्षांची एक मुलगी समुद्र बघतेय. मुलगी साल्झबर्गची, म्हणजे डोंगरांच्या कुशीतल्या गावची. तिथून समुद्र कितीतरी दिवसांच्या वाटेवर. प्रवासात तिनं एक वही ठेवलीय आणि त्या वहीत ती कालेबद्दल काय लिहिते, तर इथला समुद्र निघून जातो आणि पुन्हा वाढत येतो. झालं, एवढंच. ओहोटीला चिखलात खेकडे धरत वाढलेल्या कोकणातल्या पोराला यात लिहिण्यासारखं काय आहे, असं वाटेल. पण पहिल्यांदा पाहणाऱ्याला समुद्राबद्दल याहून मोठी बातमी दुसरी कुठली असणार?

या मुलीचं नाव मारिया आना, घरातलं लाडाचं नाव नानर्ल. सोबत वडील लिओपोल्ड, आई आना मारिया, आणि ८ वर्षांचा धाकटा भाऊ वोल्फगांग. आडनाव मोत्झार्ट. भावाचं नाव तुम्ही ऐकलंय. पण लंडनच्या त्या सहलीची गोष्ट सांगताना आपण बहुतेकदा त्याच्याच मागे मागे फिरतो. जाहिरातीत मात्र दोघांचीही नावं असायची, आणि तिचं आधी.

लिओपोल्ड साल्झबर्गच्या आर्चबिशपच्या पदरी संगीतकार होता. व्हायोलिन कसं वाजवावं यावर त्यानं लिहिलेलं पुस्तक वोल्फगांग जन्मला त्याच वर्षी, १७५६ साली आलं, आणि ते आजही वाचलं जातं. दोन्ही पोरं अचाट वाजवतात हे लक्षात आल्यावर त्यानं मालकाकडून रजा काढली आणि ९ जून १७६३ ला बायकोमुलांना घेऊन स्वतःच्या घोडागाडीतून निघाला. म्युनिक, फ्रँकफर्ट, ब्रसेल्स, पॅरिस. जाईल तिथल्या राजवाड्यात, उमरावांच्या दिवाणखान्यात पोरांना वाजवायला बसवायचं आणि मिळेल ते गाठीला बांधून पुढं जायचं. राजेरजवाडे बऱ्याचदा रोख देत नसत, तपकिरीच्या डब्या, घड्याळं, लेस असलं काहीतरी देत. सगळं मांडलं तर दुकान निघेल, अशी लिओपोल्डची कुरकुर घरच्या पत्रांत सापडते.

ही पत्रं म्हणजे खजिना आहे. ती साल्झबर्गच्या लोरेन्झ हागेनाउअर नावाच्या व्यापाऱ्याला लिहिलेली आहेत. हागेनाउअर हा मोत्झार्टांचा घरमालक. प्रवासातल्या पैशांची सोयही तोच बघायचा. आता ज्याच्या पैशांच्या जोरावर तुम्ही परदेशी फिरताय, त्याला पत्र लिहिताना हिशेब येणारच. त्यामुळं लिओपोल्डच्या लंडनमध्ये चर्च आणि पूल जितके आहेत तितकेच भाव आहेत. कशाला किती पडले, कोणी किती दिले, कोणी नुसतंच कौतुक केलं.

२३ एप्रिल १७६४ ला हे कुटुंब लंडनला पोचलं. बोटीत सगळ्यांनी पोटातलं समुद्राला वाहिलं होतं, सगळ्यांत जास्त लिओपोल्डनं. थोड्याच दिवसांत ते सेसिल कोर्ट नावाच्या गल्लीत एका न्हाव्याच्या घरी भाड्यानं राहायला लागले. आज त्या गल्लीत जुन्या पुस्तकांची आणि नकाशांची दुकानं आहेत. चार दिवसांत, २७ तारखेला, त्यांना राजवाड्यातून बोलावणं आलं. तिसरा जॉर्ज तेव्हा जेमतेम २५ वर्षांचा, राणी शार्लट २० ची होऊ घातलेली, जर्मन बोलणारी, संगीत शिकणारी. बक्षीस मिळालं २४ गिनी. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग. हिशेबी लिओपोल्डलाही राजाराणीच्या वागण्यानं भुरळ पडली. आठवड्यानं तो सगळ्यांना घेऊन सेंट जेम्स पार्कमध्ये फिरत होता, अंगावर नवे कपडे. राजाची गाडी शेजारून गेली. कपडे वेगळे असूनही राजानं ओळखलं, खिडकी उघडली, बाहेर वाकून हसत हात हलवला. हे पत्रात लिहिताना लिओपोल्डचा आनंद अजिबात लपत नाही.

मे महिन्यात पुन्हा बोलावणं. या वेळी राजानं वोल्फगांगपुढं हँडल, वागेनझाइल, आबेल यांच्या रचना ठेवल्या आणि त्यानं त्या पाहता पाहता वाजवल्या. राणीच्या गाण्याला साथ केली. हँडलच्या एका चालीचा नुसता खालचा सूर घेऊन वर मनानं नवी धून रचली. राणीचा संगीतशिक्षक होता योहान क्रिस्टियान बाख, थोरल्या बाखचा धाकटा मुलगा. तो पोराला मांडीशी घेऊन बसायचा. चार मात्रा याच्या, पुढच्या त्याच्या, असं करत दोघं एकच सोनाटा पुरा करायचे, आणि न बघणाऱ्याला वाटायचं एकच माणूस वाजवतोय. ही आठवण आपल्यापर्यंत आली ती नानर्लमुळं. ती तिथंच होती.

जून १७६४ चं लिओपोल्डचं एक पत्र मी या सगळ्यातला कळीचा कागद मानते. त्यात तो म्हणतो की माझी मुलगी १२ वर्षांची असली तरी युरोपातल्या सर्वांत तयारीच्या वादकांपैकी एक आहे. आणि मुलाला आठव्या वर्षी जे कळतं त्याची अपेक्षा आपण चाळिशीच्या माणसाकडून करू. बापाचा अभिमान म्हणून थोडं कमी करा हवं तर. तरी वाक्यांची वाटणी बघा. मुलगी वाजवते, मुलाला कळतं. दोघं एकाच खोलीत, एकाच बाकावर बसून वाजवतायत, पण बापाच्या मनात दोघांच्या पुढच्या वाटा तेव्हाच वेगळ्या पडलेल्या दिसतात. अर्थात असं आपण वाचतो ते पुढचं माहीत असल्यामुळं, हेही खरं.

५ जूनचा पहिला जाहीर कार्यक्रम लिओपोल्डनं फार हुशारीनं लावला. आदल्या दिवशी राजाचा वाढदिवस, त्यामुळं बडी मंडळी शहरात. तिकीट अर्धी गिनी. जाहिरातीत लिहिलं होतं की मिस मोत्झार्ट ११ वर्षांची आणि मास्टर मोत्झार्ट ७ वर्षांचा. खरी वयं १२ आणि ८. आपल्याकडे बसच्या अर्ध्या तिकिटासाठी आया पोराचं वय कमी सांगतात, इथं पूर्ण तिकीट खपावं म्हणून सांगितलं. कार्यक्रम तुफान झाला. तीन तासांत १०० गिनी मिळाल्याचा आपल्याला धक्काच बसला, असं त्यानं घरी कळवलं.

आणि मग जुलैत तो आजारी पडला. एका लॉर्डच्या घरी संध्याकाळी वाजवायला जायचं होतं. रविवार, गाडी मिळेना. पोरांना त्यानं पालखीवजा खुर्चीत बसवलं आणि खुर्ची वाहणाऱ्यांच्या मागून स्वतः भराभर चालत निघाला. घामाघूम होऊन पोचला, तिथं खिडक्या सताड उघड्या. घसा धरला, ताप आला आणि दुखणं इतकं वाढलं की घरच्यांच्या तोंडचं पाणी पळालं. परक्या मुलुखात घरचा एकमेव कमावता माणूस अंथरुणाला खिळल्यावर काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

हवापालट म्हणून ऑगस्टमध्ये ते शहराबाहेर चेल्सीकडं राहायला गेले. आता तो भाग ऐन लंडनमध्ये आहे आणि त्या रस्त्याला इबरी स्ट्रीट म्हणतात. तेव्हा तिथं शेतं होती. जवळजवळ सात आठवडे मुक्काम. आधी खानावळीतून जेवण यायचं. ते इतकं वाईट आणि महाग की शेवटी आईनं स्वतःच चूल पेटवली. या एका गोष्टीवर मी जरा रेंगाळते, कारण मोत्झार्टांच्या प्रवासाच्या पुस्तकांत आई जवळजवळ दिसतच नाही. ती वाजवत नाही, पत्रं ती लिहीत नाही. लिओपोल्ड एका पत्रात लिहितो की ती फार वाळलीय, आता घरचं खाऊन तरी भरेल. पोरं जगापुढं, नवरा अंथरुणात, भाषा परकी, आणि बाई बाजारहाट करून चौघांचा स्वयंपाक करतेय. ही सहल तिला कशी आठवली असेल, ते तिच्या शब्दांत आपल्यापाशी नाही.

बाप आजारी म्हणून घरात वाद्याला हात लावायला बंदी. मग ८ वर्षांचा मुलगा गप्प बसून काय करणार? त्यानं सिंफनी लिहायला घेतली, म्हणजे सबंध वाद्यवृंदासाठी रचना. शेजारी बसून नानर्ल कागदावर उतरवून घ्यायची. तिनं पुढं, भाऊ गेल्यावर, हे सांगितलंय. लिहिता लिहिता तो तिला म्हणाला की हॉर्नला काहीतरी चांगलं काम द्यायची मला आठवण कर. घरात अभ्यासाला बसलेल्या कुठल्याही बहीणभावाच्या जोडीत हे होतं, धाकट्यानं सुचवायचं आणि थोरलीनं लक्षात ठेवायचं.

अभ्यासक यात एक खोट काढतात. नानर्लच्या आठवणीत त्या सिंफनीत ट्रंपेट आणि नगारे होते. आज जी पहिली सिंफनी म्हणून ओळखली जाते, जिच्या हस्तलिखितावर लंडन, १७६४ असं लिहिलंय, तिच्यात ते नाहीत. त्यामुळं ती म्हणते ती रचना वेगळीच असून हरवली, असं काहींचं मत. पण या पहिल्या सिंफनीच्या मधल्या संथ भागात हॉर्न एकदम वर येतं आणि चार लांब सूर धरतं. हेच चार सूर २४ वर्षांनी, १७८८ साली, त्याच्या शेवटच्या सिंफनीच्या अखेरच्या भागात परत येतात. ती ‘ज्युपिटर’ म्हणून प्रसिद्ध आहे. फोनवर दोन्ही लागोपाठ लावून ऐका. संगीतातलं ओ की ठो कळत नसलं तरी हे ऐकू येतं. ते चार सूर वोल्फगांगनं शोधलेले नाहीत, चर्चच्या संगीतात आधीपासून होते. पण हॉर्नला चांगलं काम मिळालं, एवढं नक्की.

सप्टेंबरच्या शेवटी ते शहरात परतले ते सोहो भागात, एका चोळ्या शिवणाऱ्या कारागिराच्या घरी. याच मुक्कामात त्यांनी लंडन पुरतं पाहिलं. नानर्लच्या वहीत ठिकाणांची लांबलचक यादी आहे, वेस्टमिन्स्टरचा पूल आणि अॅबी, टॉवर, सेंट पॉल, व्हॉक्सहॉलची बाग, क्यू, रिचमंड. वर्णन फारसं नाही, नावापुढं नाव. आपण मोबाइलवर पटापट फोटो काढतो तसं. पण मधेच एखाद्या ठिकाणी ती थबकते. राणीच्या वाड्याजवळ तिनं एक छोटा हत्ती पाहिला, आणि एक गाढव पाहिलं ज्याच्या अंगावर पांढरे आणि कॉफीच्या रंगाचे पट्टे होते, इतके सारखे की कुणाला रंगवायला सांगितले तर जमणार नाहीत. झेब्रा! राणी शार्लटला भेट आलेला हा झेब्रा तेव्हा लंडनभर गाजत होता. नानर्लला त्याचं नाव माहीत नव्हतं. म्हणून तिनं नीट बघितलं आणि दिसलं ते लिहिलं. नाव माहीत असतं तर कदाचित नुसतं नाव लिहून पुढं गेली असती.

दरम्यान हिशेब बिघडत चालला होता. जानेवारी १७६५ मध्ये वोल्फगांगचे सहा सोनाटा राणीला अर्पण करून छापले, राणीकडून ५० गिनी आल्या. फेब्रुवारीतल्या कार्यक्रमाचीही कमाई बरी झाली, पण अपेक्षेहून कमी. नवलाई ओसरत होती, आणि मुलं मोठी होत होती. ज्या धंद्यात माल म्हणजे पोराचं लहान असणं, त्यात दर महिन्याला माल घसरतोच. रिअॅलिटी शोमधला दोन वर्षांपूर्वीचा छोटा विजेता आता काय करतो, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असतं? लिओपोल्डनं मग वेगळी युक्ती काढली. लोकांनी घरी यावं, तिकीट घ्यावं आणि मुलाची हवी तशी परीक्षा घ्यावी. अर्ध्या गिनीचं तिकीट पाच शिलिंगांवर आलं. जुलैत तर ते कॉर्नहिलमधल्या ‘स्वान अँड हार्प’ नावाच्या दारूच्या गुत्त्यात बसू लागले. रोज दुपारी १२ ते ३. माणशी अडीच शिलिंग. जाहिरातीत एक खास आकर्षण होतं, दोन्ही मुलं एकाच वाद्यावर चार हातांनी वाजवतील, आणि पट्ट्यांवर रुमाल टाकून, न बघता.

राजाच्या दिवाणखान्यापासून गुत्त्यापर्यंतचा प्रवास १५ महिन्यांत झाला. इथं लिओपोल्डला खलनायक ठरवायचा मोह होतो. मला तो होत नाही. याच काळात त्याला लंडनमध्ये टिकून राहण्याबद्दल काहीतरी प्रस्ताव आला होता. रात्र रात्र झोप लागली नाही, मग आपण नकार दिला, असं तो मार्च १७६५ च्या पत्रात सांगतो. ज्या शहरात बहुतेकांना धर्मच नाही आणि डोळ्यांसमोर वाईट तेवढंच दिसतं, तिथं मला मुलं वाढवायची नाहीत, हे त्याचं कारण. पैशांसाठी काहीही करणारा बाप असं म्हणत नाही. पण पोरांना गुत्त्यात बसवणाराही तोच. दोन्ही एकाच माणसात होतं, आणि आईवडील म्हणून जगलेल्या कुणालाही हे फार अनोळखी वाटू नये.

जून १७६५ मध्ये डेन्स बॅरिंग्टन नावाचे एक वकील गृहस्थ घरी आले. ते पुढं रॉयल सोसायटीचे सभासद झाले. त्यांना शंका होती की बाप मुलाचं वय कमी करून तर सांगत नाही! त्यांनी कधी न पाहिलेली पाच ओळींची रचना पुढं ठेवली. मुलानं वाजवली. रागाचं गाणं रच म्हटल्यावर त्यानं रचलं, आणि रंगात येऊन खुर्चीतून उठत वाद्यावर हात आपटू लागला. तेवढ्यात खोलीत त्याची लाडकी मांजर आली. वाद्य सोडून तो मांजरीमागं गेला तो बराच वेळ परत येईना. मधेच काठीचा घोडा करून खोलीभर दौडतही होता. बॅरिंग्टनची खात्री पटायला ही मांजर आणि हा घोडा सोनाटांइतकेच उपयोगी पडले असणार. तरी त्यांनी पुढं जन्मनोंदीचा उतारा मागवून वय तपासलंच, आणि १७७० साली सगळा अहवाल सोसायटीपुढं ठेवला.

निघण्याआधी कुटुंबानं ब्रिटिश म्युझियम पाहिलं. ते लोकांना खुलं होऊन तेव्हा सहाच वर्षं झाली होती. म्युझियमला वोल्फगांगच्या छापील रचना आणि एका छोट्या समूहगीताचं हस्तलिखित भेट दिलं. इंग्रजी शब्दांवर त्यानं रचलेलं हे एकमेव गीत. कागद आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यावर अक्षर दोघांचं आहे, मुलाचं आणि बापाचं. २४ जुलैला त्यांनी लंडन सोडलं आणि १ ऑगस्टला इंग्लंड.

परतीची वाट घराकडं जाणार होती, ती वळली हॉलंडकडं, कारण तिथल्या राजघराण्यातल्या एका स्त्रीला मुलांना ऐकायचं होतं. हेगमध्ये सप्टेंबरात नानर्ल तापानं आडवी झाली. ३० सप्टेंबरचा कार्यक्रम वोल्फगांगनं एकट्यानं केला. ऑक्टोबरच्या २१ तारखेला पाद्र्याला बोलावून तिचे अखेरचे संस्कार करण्यात आले. आईबाप उशाशी बसून तिची समजूत घालत होते, हे जग कसं चार दिवसांचं, लहानपणी जाणारे कसे भाग्यवान. शेजारच्या खोलीत वोल्फगांग वाद्याशी खेळत बसला होता. लिओपोल्डनं हे जसंच्या तसं लिहिलंय, आणि मला त्याच्या सगळ्या पत्रांत हीच जागा सहन होत नाही. नानर्ल वाचली. मग वोल्फगांग पडला, नुसती हाडं आणि कातडी उरली. तोही वाचला. साल्झबर्गला ते पोचले २९ नोव्हेंबर १७६६ ला. निघाल्याला साडेतीन वर्षं झाली होती.

डिसेंबर १७६९ मध्ये बापलेक इटलीला निघाले. दोघंच. नानर्ल १८ वर्षांची होती. ती आईबरोबर घरी राहिली. इटलीहून भाऊ पत्रं पाठवायचा. जुलै १७७० च्या पत्रात तिनं पाठवलेल्या एका गाण्याचं त्यानं मनापासून कौतुक केलंय, इतकं छान रचतेस तर आणखी लिहीत जा, अशा सुरात. म्हणजे ती रचत होती. त्या गाण्याचा कागद आज नाही. तिची एकही रचना उरलेली नाही.

त्यावरून ती दुसरी मोत्झार्ट झाली असती, असं म्हणणारी पुस्तकं आणि सिनेमे निघतात. मला ते पटत नाही, कारण ज्याचा कागदच नाही त्याची उंची कशी मापणार? जे नक्की आहे तेच पुरेसं आहे. युरोपातल्या सर्वांत तयारीच्या वादकांपैकी एक असं ज्या बापानं लिहिलं, त्याच बापानं इटलीच्या दौऱ्यांत तिचं तिकीट काढलं नाही. साल्झबर्गमध्ये ती पियानो शिकवू लागली. १७८४ मध्ये, ३३ व्या वर्षी, सेंट गिल्गन नावाच्या तळ्याकाठच्या गावातल्या सरकारी अधिकाऱ्याशी तिचं लग्न झालं. नवरा दोनदा विधुर, आधीची पाच मुलं. राहायला मिळालं ते अधिकाऱ्याचं सरकारी घर. तिची आई जन्मली तेही याच घरात, कारण आजोबाही तिथं त्याच हुद्द्यावर होते. पॅरिस, लंडन, हेग पाहून आलेली नानर्ल आईच्या माहेरच्या घरात सासरी आली. गावातल्या ओलसर हवेत पियानोच्या पट्ट्या अडकायच्या, त्याच्या तक्रारी तिच्या तिथल्या दिवसांत पुन्हा पुन्हा येतात.

१८०१ मध्ये नवरा वारल्यावर ती साल्झबर्गला परतली आणि पुन्हा शिकवण्या घेऊ लागली. भाऊ १७९१ मध्येच गेला होता. त्याचं चरित्र लिहू पाहणारे तिला विचारत, आणि ती सांगे, हॉर्नची गोष्ट, चेल्सीतलं ते बिनआवाजाचं घर. म्हातारपणी दृष्टी गेली.

१८२९ च्या जुलैत लंडनहून एक जोडपं तिच्या दारात आलं. व्हिन्सेंट नोव्हेलो हे संगीतकार आणि प्रकाशक, सोबत पत्नी मेरी. मोत्झार्टची बहीण साल्झबर्गमध्ये आजारी आणि अडचणीत आहे असं लंडनच्या संगीतप्रेमींच्या कानावर गेलं होतं. त्यांनी वर्गणी काढली आणि ती पोचवायला हे दोघं एवढा प्रवास करून आले. दोघांनीही रोजनिशी ठेवली होती. ७७ वर्षांची नानर्ल अंथरुणात होती, आवाज अगदी क्षीण. खोलीत मधोमध एक जुनं वाद्य होतं. यावर ही भावाबरोबर वाजवायची, असं पाहुण्यांना सांगण्यात आलं. तीन महिन्यांनी, २९ ऑक्टोबरला, ती गेली. लंडनहून आलेले पैसे तोवर तिच्या हातात पडले होते.